उन्हात फोन तापतो, मग झाडाचं पान का नाही? सूर्यप्रकाशातली ऊर्जा नेमकी जाते कुठे



गेल्या मे महिन्यात मी नागपूरला मामाकडे होतो. बहिणीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि मी फोन गाडीच्या काळ्या सीटवर ठेवून गप्पा मारत बसलो. परत येऊन बघतो तर स्क्रीनवर तापमानाची सूचना, फोनला हात लावू देईना. ओटीपी त्याच सिमवर येणार होता! फोन कडुनिंबाच्या सावलीत नेला, अर्ध्या तासाने तो चालू झाला आणि फॉर्म कसाबसा गेला. त्याच झाडाच्या उन्हातल्या पानांना हात लावला, तर सीटसारखा चटका बसला नाही. ऊन तर एकच, मग असं का?

आधी फोनचा हिशोब करू. निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. आपला फोन अंदाजे १५ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद, म्हणजे त्याच्यावर १० वॅट. एखाद्या जुन्या चार्जरइतकी ऊर्जा सतत आत घुसतेय, आणि ती बॅटरीत नाही, थेट उष्णतेत जाते. फोनचा रंग काळा असेल तर त्यातली बहुतेक शोषलीच जाते.

जमिनीचंही तसंच. नवा डांबरी रस्ता जेमतेम ५ टक्के प्रकाश परत पाठवतो, ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त. या परत पाठवण्याच्या प्रमाणाला अल्बेडो म्हणतात. पूर्ण पृथ्वीचा अल्बेडो सुमारे ३० टक्के आहे. उरलेल्यातला मोठा भाग जमीन आणि समुद्र शोषतात, थोडा हवा आणि ढग. शोषलेली उष्णता जमीन नंतर अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. रात्री गच्चीवर अनवाणी गेलात की पायाला जे गरम लागतं, ते दुपारचंच ऊन.

आता पान. ते जरा हुशार आहे. त्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जोरात शोषतं, हिरवा त्यामानाने कमी, म्हणून पान हिरवं दिसतं. पण खरी गंमत डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात आहे. उन्हातली जवळपास अर्धी ऊर्जा अवरक्त असते आणि त्यातल्या लालच्या लगतच्या पट्ट्यातली बरीचशी पान शोषतच नाही, परतवतं किंवा आरपार जाऊ देतं. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो प्रकाश याच पट्ट्यातला. (रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनमध्ये दिवा चमकताना दिसेल.)

बरं, शोषलेल्या ऊर्जेतून अन्न किती बनतं? शेतातल्या पिकात ढोबळमानाने एक-दोन टक्के, बस्स. सोलर पॅनल २० टक्क्यांच्या आसपास वीज देतं. मग बाकीच्या उष्णतेचं पान करतं काय? घाम गाळतं! पानावरच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात, म्हणजे एक चौरस मीटरवरचं ४० मिनिटांचं कडक ऊन. मुळांना पाणी मिळेनासं झालं की छिद्रं मिटतात आणि पानही तापायला लागतं.

पिकाची तब्येत दाखवणारी उपग्रह ॲप्स याच्यावरच चालतात. सेंटिनेल-२ सारखे उपग्रह शेतातून परत येणारा लाल आणि अवरक्त प्रकाश मोजतात. निरोगी पीक लाल गिळतं, अवरक्त परतवतं. हा फरक कमी झाला की नकाशात तो तुकडा फिका पडतो.

फोनला मात्र घाम येत नाही. तापला तर कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको, आत ओल धरते आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच.