हेडलाइटमध्ये वाफ धरली? फिटनेसला जाण्याआधी हे तपासा

पावसाळा सुरू झाला की बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटची काच आतून धुरकट दिसायला लागते. काही जण घाबरून लगेच नवी हेडलाइट बसवतात, तर काही जण वर्षभर तिकडे बघतही नाहीत. या लेखात मी सांगणार आहे की कोणती वाफ सोडून द्यायची, कोणती गांभीर्याने घ्यायची आणि फिटनेस तपासणीत हेडलाइटचं काय बघतात.

वाफ येते कुठून?

हेडलाइट पूर्ण हवाबंद नसते. लाइट लावली की आतली हवा तापून फुगते आणि छोट्या छिद्रांतून बाहेर जाते. लाइट बंद केली की बाहेरची हवा आत येते. पावसाळ्यात ही हवा दमट असते. पावसाने काच गार झाली की आतली वाफ तिच्यावर बसते. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच.

एलईडी हेडलाइटमध्ये ही वाफ जास्त वेळ टिकते, कारण एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते आणि पुढची काच फारशी तापत नाही. म्हणून नव्या गाडीत थोडी वाफ दिसली म्हणजे माल खराब आहे असं नाही.

साधी वाफ की गळती?

गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. इंजिन चालू ठेवून लो बीम 20 ते 30 मिनिटं लावा. आधी आणि नंतर मोबाइलवर एकाच कोनातून फोटो काढा.

- पातळ थर होता आणि तो कमी झाला: साधी वाफ. काही करायची गरज नाही.
- मोठे थेंब, ओघळ किंवा तळाशी साचलेलं पाणी: गळती आहे.

गळती अंगावर काढू नका. सततच्या ओलाव्याने आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. बल्बच्या होल्डरलाही गंज धरतो.

घरी काय करता येईल?

1. लाइट बंद करून गार होऊ द्या. मग मागची कॅप नीट बसली आहे का ते बघा. बाहेरून एलईडी बल्ब बसवला की कधीकधी कॅप बसत नाही आणि तशीच काढून ठेवली जाते. पाणी तिथूनच शिरतं.
2. हवा जाण्याच्या नळीत चिखल अडकला असेल तर साफ करा.
3. मोबाइलच्या टॉर्चने काचेच्या कडा बघा. बारीक तडा असेल तर दिसेल.
4. कोरड्या दिवशी कॅप उघडून हेअर ड्रायर कमी तापमानावर, लांबून फिरवा. सुकलं की कॅप घट्ट लावा.

पाणी जावं म्हणून हेडलाइटला भोक पाडू नका आणि हवेची छिद्रं सिलिकॉनने बुजवू नका. गाडी धुताना प्रेशरचा फवारा थेट हेडलाइटच्या कडांवर मारू नका. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही न उघडता फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.

फिटनेसमध्ये काय बघतात?

पीयूसी म्हणजे फिटनेस नव्हे. पीयूसीत फक्त धूर तपासतात. टॅक्सी, टेम्पोसारख्या व्यावसायिक गाड्यांना 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. खासगी गाडीची तपासणी 15 वर्षांनी नोंदणी वाढवताना होते, पुढे दर 5 वर्षांनी.

माझ्या काकांची टूरिस्ट टॅक्सी आहे आणि तिच्या फिटनेसची तारीख ऐन पावसाळ्यात येते. वैध फिटनेस नसेल तर कायद्याने व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. म्हणजे गाडी दारात उभी, पण बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तपासणीत लाइट लागतात का आणि प्रकाशाचा झोत बरोबर पडतो का, हे बघतात. स्वयंचलित केंद्रात हे काम यंत्र करतं. म्हणजे प्रश्न काचेवरच्या पुसट वाफेपेक्षा प्रकाशाचा आहे. थेंबांमुळे झोत विखुरतो आणि काळवंडलेल्या रिफ्लेक्टरमुळे उजेड कमी पडतो. गाडी अडकू शकते ती यामुळे.

म्हणून एमपरिवहन अ‍ॅपमध्ये फिटनेसची तारीख आजच बघून घ्या आणि त्याच्या महिनाभर आधी वरची चाचणी करा. दुरुस्ती निघाली तरी हाताशी वेळ राहील. आणि तपासणी लांब असली तरी पावसाळ्यात रात्री घाटातून जायचं असेल, तर निघण्याआधी एकदा भिंतीवर झोत टाकून बघाच. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा दिसला पाहिजे.