केसपेपरवर न आलेले दुखणे

आईच्या ट्रंकेत दवाखान्याचे 31 केसपेपर सापडले. काळ 1979 ते 1983. आई सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळायची. जवळजवळ प्रत्येक कागदावर तक्रार तीच : डोके दुखते, अशक्तपणा, झोप नाही. औषधही तेच, ताकदीच्या गोळ्या. 1978 साली माझी धाकटी बहीण गेली, हे एकाही कागदावर नाही.

शहराच्या आरोग्याचा इतिहास जमवताना मनोरुग्णांचा माग मी कायद्यांतून काढत होतो. 1912च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या हुकमावरून माणसाला मनोरुग्णालयात धाडता येई. आपल्याकडे त्याला एकच शब्द होता, येरवडा. येरवड्याला गेला तोच मनाने आजारी, असे मीही धरून चाललो होतो. या कागदांनी ती समजूत मोडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीचे निष्कर्ष 1980मध्ये प्रसिद्ध झाले. भारत, कोलंबिया, सुदान आणि फिलिपिन्समधील प्राथमिक दवाखान्यांत तपासलेल्या 1624 रुग्णांपैकी 225 जणांना, म्हणजे 13.9 टक्के लोकांना, मानसिक विकार होता. बहुतेकांनी सांगितले होते डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्यांतले एकतृतीयांशच ओळखता आले.

1982च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात आणायचे ठरवले. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला. 1996पासून जिल्हा कार्यक्रम आला. पुढे गोव्यात 12 सरकारी केंद्रे आणि 12 खासगी दवाखान्यांत मोठी चाचणी झाली. निम्म्या ठिकाणी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून बसवले. 2010मध्ये निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांतले 65.9 टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. नेहमीच्या पद्धतीत 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

केसपेपरवरून मी आईचे निदान करणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण आपल्याकडे बायका उपचारच घेत नाहीत, हे वाक्य मी आता लिहीत नाही. विड्यांची मजुरी बुडवून आई 31 वेळा रांगेत उभी राहिली होती. काय होतेय, एवढे तिला दर वेळी विचारले गेले. घरी काय झाले, हे कोणी विचारल्याची नोंद नाही. आणि घरात आम्हीही कधी विचारले नाही.