हाताला दुसरं काम

१९४२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांच्या एका शिबिरात लॉरेन्स लेशान या तरुण मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. नखं कुरतडणाऱ्या वीस मुलांना त्याने एकत्र झोपवलं. मुलं झोपली की फोनोग्राफवर तबकडी लागायची. आपली नखं भयंकर कडू लागतात, अशा अर्थाचं एकच वाक्य, रात्रीतून तीनशे वेळा. पाच आठवड्यांनी फोनोग्राफ बिघडला, तरी लेशानने प्रयोग थांबवला नाही. अंधारात उभं राहून तो ते वाक्य स्वतः म्हणत राहिला. शिबिर संपलं तेव्हा वीसपैकी आठ मुलांनी नखं खाणं सोडलेलं होतं. ज्या मुलांना हे वाक्य ऐकवलं नव्हतं, त्यांच्यातल्या एकाचीही सवय सुटली नव्हती.

मुलं तेव्हा खरोखर गाढ झोपेत होती का, हे तपासायला लेशानकडे साधन नव्हतं. पुढे १९५० च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपून असे प्रयोग झाले, तेव्हा गाढ झोपेत ऐकलेलं मनात उतरत नाही असं दिसून आलं. म्हणजे त्या आठजणांच्या कानांवर ते वाक्य बहुधा अर्धवट जागेपणी पडलं असणार. मला या प्रयोगातली वेगळीच गोष्ट बोचते. खोड मोडायची म्हटली की शिकल्यासवरल्या माणसालाही कडू चवच आठवली. त्या मुलांना जागेपणी समोर बसवून विश्वासात घ्यावं, हे काही सुचलं नाही.

कडूचा हा वारसा आपल्याही घरांत आहे. बोटांना कोरफडीचा चीक लावतात, कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, कुठे कुठे लाल तिखटही लावतात. तेच बोट मूल डोळ्याला लावतं आणि मग पाण्याने डोळे धूत बसावं लागतं. दुकानात मिळणाऱ्या कडू नेलपॉलिशमध्ये बहुतेक वेळा डिनाटोनियम हे रसायन असतं. १९५८ साली एडिंबरोमध्ये बधिरतेच्या औषधावर काम चालू असताना ते हाती लागलं. माहीत असलेल्या पदार्थांत ते सर्वांत कडू मानलं जातं. तरी त्याचं काम अर्धवटच राहतं, कारण चव लागते ती नख दातांखाली गेल्यावर. हात तोंडाकडे निघतो, त्या क्षणी माणसाला त्याचा पत्ताच नसतो.

चवीच्याही आधी धाक होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढेकळं चुरडणारा, गवत तोडत बसणारा आणि नखं खाणारा माणूस लवकरच नाश पावतो, असं सांगितलं आहे. ज्या ग्रंथाची १९२७ साली महाडला होळी झाली, त्याचा आधार घ्यावा म्हणून हे लिहीत नाही. पण रिकाम्या हाताचे तीन चाळे एका जागी ओवणाऱ्याने माणसं नीट पाहिली होती, एवढं मान्य करावं लागतं. पाहणं अचूक, उपाय मात्र नाशाची भीती. नखं खाल्ली की घरात दळिद्र येतं, असं घरोघरी सांगितलं जातं, तो याच धाकाचा घरगुती अवतार.

युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी धाकाच्या जागी अर्थ लावणं आलं. फ्रॉइडने १९०५ साली अंगठा चोखण्याचा संबंध लहानपणच्या सुखाशी जोडला. त्याच्या वाटेने जाणाऱ्यांनी तो धागा नखांपर्यंत नेला. पुढे बुद्धिमापन चाचण्यांमुळे नावाजलेल्या डेव्हिड वेक्स्लरने १९३१ साली नखं खाण्यावरचा निबंध लिहिला, तो सुमारे तीन हजार मुलांच्या पाहणीवरून. या सगळ्यातून खोडीबद्दल बरंच कळलं, पण ती सोडवायची कशी हे कळलं नाही.

वाट सापडायला सुरुवात झाली ती टाइपरायटरवरच्या एका चुकीतून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नाइट डनलप यांची बोटं 'टी-एच-ई' या शब्दाच्या जागी हटकून 'एच-टी-ई' टाइप करायची. इंग्रजीत हा शब्द ओळीओळीला लागतो. चूक टाळण्याची धडपड सोडून त्यांनी उलटंच केलं. तोच चुकीचा शब्द लक्ष देऊन, ओळींमागून ओळी टाइप केला, ही चूक आहे आणि पुढे ती करायची नाही हे मनात धरून. चूक थांबली. १९३२ साली सवयींवरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यात हा उलटा सराव इतर खोडींनाही लावलेला आहे. १९५८ साली ऑब्री येट्स यांनी एका तरुणीला तिचे अनावर झटके मुद्दाम पुन्हापुन्हा द्यायला लावले आणि ते बरेच कमी झाल्याचं नोंदवलं. नकळत घडणारी गोष्ट जाणूनबुजून केली की तिची पकड सैल होते, हे डनलप यांचं देणं मोठं आहे. पण जी खोड सोडायची तीच मुद्दाम करत बसणं अनेकांना नकोसं होई, आणि गुणही सगळ्यांना सारखा येत नसे.

आता हाताला दुसरं काम देणाऱ्या पद्धतीच्या मूळ पुरुषाकडे येऊ. नेथन आझ्रिन यांनी हार्वर्डमध्ये बी. एफ. स्किनर यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि १९५८ पासून ते इलिनॉय राज्यातल्या ॲना इथल्या सरकारी मनोरुग्णालयात संशोधन करू लागले. त्यांचा तिथला एक मुख्य विषय होता शिक्षा. चोच मारली की दाणा मिळतो हे कबुतरांना शिकवायचं, मग त्याच चोचीसरशी विजेचा झटका द्यायचा आणि झटका किती, केव्हा, किती वेळा दिला तर काय होतं याच्या नोंदी ठेवायच्या. एका पिंजऱ्यातल्या दोन उंदरांना झटका बसला की ते एकमेकांवर तुटून पडतात, हे त्यांनी आणि रॉजर उलरिक यांनी १९६२ साली दाखवलं. १९६६ साली विल्यम होल्झ यांच्यासह लिहिलेलं त्यांचं शिक्षेवरचं प्रकरण या विषयात पायाभूत मानलं जातं.

मग प्रयोग माणसांवर आला. १९६८ साली पॉवेल आणि आझ्रिन यांनी सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक डबी केली. डबी उघडली की झटका बसायचा. झटका वाढवला तशा सिगारेटी कमी झाल्या, पण माणसं ते यंत्र अंगावर बाळगायचीच टाळू लागली. झटका बंद केल्यावर सिगारेटी पुन्हा पहिल्याइतक्या. मुलाच्या हातावर फटका मारणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही हकीकत वाचावी असं मला वाटतं. फटक्याने खोड जात नाही, मूल फटका मारणाऱ्याच्या नजरेआड जातं. शिक्षेचा एवढा बारकाईने अभ्यास केलेल्या माणसाने पुढे खोड मोडायची जी पद्धत दिली, तिच्यात शिक्षेला जागाच नाही. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

ती पद्धत १९७३ साली आली. आझ्रिन आणि ग्रेगरी नन यांच्या निबंधात बारा माणसं आहेत. कोणी नखं खाणारं, कोणी अंगठा चोखणारं, कोणी पापण्यांचे केस उपटणारं, कोणाचा खांदा तर कोणाची मान झटक्याने हलणारी. पहिल्याच दिवशी बाराही जणांच्या सवयी जवळजवळ थांबल्या आणि सूचना पाळणाऱ्या अकरा जणांच्या बाबतीत त्या नंतरही परतल्या नाहीत. बारा हा आकडा लहानच, पण खरं नवेपण विचारात होतं. खोड टिकते ती कशामुळे? ती रोजच्या हालचालींच्या साखळीत ओवलेली असते, करणाऱ्याला तिचं भान नसतं, सरावाने ती अंगवळणी पडलेली असते आणि भोवतालचे लोक ती चालवून घेतात. मनाचा दुबळेपणा आणि वाईट वळण यांचा या कारणांत उल्लेखही नाही. नखं खाणारा माणूस वर्षानुवर्षं ज्या शरमेने बोटं मुठीत लपवतो, तिच्यातून त्याला मोकळं करणारी ही मांडणी आहे.

पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी माणसाला आपली हालचाल बारकाईने सांगायला लावतात, गरज पडली तर आरशात बघून. 'मी नखं खातो' एवढ्यावर भागत नाही. कोणता हात? आधी अंगठ्याने बाकीच्या नखांच्या कडा चाचपल्या जातात का? कुठे खरखरीत टोक लागलं की मग हात वर जातो का? कोपर टेबलावर टेकलेलं असतं का? पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात तोंडापाशी होतच नाही. ती या चाचपण्यात असते, आणि बोलता बोलता हे पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात येतं. मग वेळा आणि जागा: टीव्हीसमोर, फोनवर बोलताना, निकालाची वाट बघताना, गाडी सिग्नलला अडकल्यावर. हे सगळं ओळखीचं झालं की हात निघतानाच कळू लागतं.

त्यानंतर हाताला दुसरं काम द्यायचं. ते कसं असावं याच्या अटी आझ्रिन आणि नन यांनी घालून दिल्या. मूळ हालचालीच्या ते उलट असावं, काही मिनिटं टिकवता यावं, चारचौघांत कोणाच्या डोळ्यांत येऊ नये आणि त्यामुळे चालू काम थांबू नये. नखांसाठी मूठ वळून धरायची, नाहीतर पेन, पिशवीचा बंद, खुर्चीचा दांडा असं काहीतरी घट्ट पकडायचं. तीन मिनिटं. नख दातांखाली गेल्यावर तर हे करायचंच, पण चाचपणं सुरू झालं किंवा नुसती हुक्की आली तरीही. जोडीला नखांची निगा. कानस फिरवून कडा गुळगुळीत ठेवल्या की बोटाला अडखळायला काही उरत नाही. घरच्यांचं काम टोकण्याचं नाही. वाढलेलं नख दिसलं की कौतुक करायचं आणि विसर पडला तर सरावाची आठवण द्यायची.

१९७७ साली दोघांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच एका दिवसात सवय ताब्यात आणण्याचं आश्वासन आहे आणि ते मला जरा जास्तीचं वाटतं. शिकायला एक दिवस पुरतो, पण मूठ आपोआप वळायला लागेपर्यंत बरेच दिवस जातात. १९८० साली याच गटाने आपली पद्धत डनलप यांच्या उलट्या सरावासमोर ठेवून नखं खाणाऱ्यांवर तपासली, तेव्हा नवी पद्धत स्पष्टपणे सरस ठरली. मूळ पद्धत बऱ्याच पायऱ्यांची होती. रेमंड मिल्टनबर्गर आणि इतरांनी १९८० च्या दशकापासून तिची छाटणी केली आणि भान व दुसरं काम या दोन गोष्टींवरही बरंचसं भागतं असं दाखवलं.

बोटं मोडण्याचं प्रकरण थोडं निराळं आहे. आपल्याकडे दृष्ट काढताना आजी स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडते, आणि तीच आजी नातवाला सांगते, बोटं मोडू नकोस, सांधे जातील. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनाही लहानपणी घरच्यांनी हेच सांगितलं होतं. त्यांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज निदान दोनदा मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८ साली त्यांनी कळवलं की संधिवात एकाही हाताला नाही. एका माणसावरून नियम बांधता येत नाही, पण बोटं मोडल्याने संधिवात होतो असं इतर अभ्यासांतही दिसलेलं नाही.

आवाज हाडं घासल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. बोट ताणलं की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात विरलेल्या वायूचा बुडबुडा तयार होतो. १९४७ साली लंडनमध्ये रोस्टन आणि हेन्स यांनी क्ष-किरणांखाली ही पोकळी पाहिली. आवाज बुडबुडा होण्याचा की फुटण्याचा, यावर तेव्हापासून वाद आहे. १९७१ साली लीड्सच्या संशोधकांनी फुटण्याच्या बाजूने कौल दिला, २०१५ साली कॅनडात एमआरआयखाली पोकळी होताना दिसली आणि २०१८ च्या एका गणिती प्रारूपाने बुडबुडा अर्धवट मिटला तरी आवाज येतो असं मांडलं. एकदा मोडलेलं बोट साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. म्हणून बोटं मोडणाऱ्याला संधिवाताचा बागुलबुवा दाखवू नये. मोडताना दुखत असेल, सूज येत असेल तर डॉक्टरांकडे जावं. आणि केवळ चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून सोडायचं असेल, तर तळवे मांडीवर सपाट ठेवले तरी हाताला दुसरं काम मिळतं.

बारा माणसांवर तपासलेली आझ्रिन आणि नन यांची पद्धत पुढे फार लांब गेली. टुरेट या आजारात मुलांचे डोळे, मान, खांदे अनावर झटके देतात, घशातून आवाज येतात. २०१० साली अशा १२६ मुलांवरच्या अभ्यासात, आझ्रिन आणि नन यांच्या पद्धतीवर उभारलेले उपचार घेणाऱ्यांपैकी ५२.५ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. तुलनेच्या गटात ती १८.५ टक्के होती. २०२३ साली हॅम्बुर्गच्या स्टेफन मोरित्झ यांच्या गटाने मुठीच्याही पुढचं पाऊल टाकलं: नख खाण्याऐवजी, केस उपटण्याऐवजी बोटांची टोकं एकमेकांवर हळुवार फिरवायची. सहा आठवड्यांनी असं करणाऱ्यांपैकी सुमारे ५३ टक्के लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांनी. आझ्रिन २०१३ साली गेले, पण हाताकडून काही काढून घेण्याआधी त्याला काही द्यावं, हे त्यांचं सूत्र इथेही कायम आहे.

तुमच्या घरात नखं खाणारं मूल असेल तर तिखटाचा डबा जागेवर ठेवा आणि चारचौघांत त्याच्या बोटांकडे बोट दाखवू नका. शांत वेळी जवळ बसा, हात कुठून कसा निघतो ते दोघं मिळून शोधा, मूठ वळायला शिकवा आणि पहिलं वाढलेलं नख दिसलं की कौतुक करा. नखांतून रक्त येत असेल, केस उपटून टाळू दिसू लागली असेल किंवा मान-डोळ्यांचे झटके थांबत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका. कोणाकडे जावं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.