तलाव, धान आणि सारस

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील हे असंख्य जलाशय प्रामुख्याने कोहळी शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून उभे राहिले असल्यामुळे ती उपाधी भूगोलापेक्षा इतिहासाच्या खात्यावर अधिक शोभते. काशीयात्रेहून परतताना चांद्याच्या एका गोंड राजाने तलाव बांधण्यात निष्णात अशा या लोकांस आपल्या मुलखात आणले, अशी परंपरा आहे. आणि जो कोणी तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम मिळे व तीस तुकूम म्हणत, असेही ही परंपरा सांगते. राजाने खजिन्यातून रोकड न देता श्रमाच्या फळावरील हक्क देऊ केला, आणि आजचे सरकार ज्यास अनुदान म्हणते त्याहून तो अधिक टिकाऊ ठरला, असे मला मनापासून वाटते.

पुढे १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, मध्य प्रांताच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांस गावांची मालकी मिळाली, आणि गावकऱ्यांच्या निस्तारासंबंधीच्या, म्हणजे पाणी, चराई, सरपण यांच्या, वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या गावच्या दस्तऐवजात लिहिल्या गेल्या. मालगुजार सर्वच धर्मात्मे नव्हते. परंतु पाळ फुटली तर आपल्याच धानाच्या बांध्या वाळतील हे त्यांस पक्के ठाऊक असल्यामुळे पाळीची डागडुजी आणि पाणी सोडण्याच्या तुडुमाची देखभाल वेळच्या वेळी होत असे. पाणी धानास मिळे, मासे व शिंगाडे ढिवरांस मिळत, आणि तलावाच्या उथळ कडेला आपोआप वाढणाऱ्या देवधानात व कमळांत कमळपक्षी, वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि हिवाळी पाहुणी बदके यांचा वास असे. त्यांच्यासाठी कोणी काही राखून ठेवले नव्हते. शेतीच्या व्यवस्थेतच त्यांचा वाटा मुरलेला होता.

मालकी हक्क रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि १९५१ साली हे तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. परंतु मालगुजाराबरोबर त्याची जबाबदारीही गेली, आणि ती ज्या खात्यांकडे आली त्यांस पाळीशी मालगुजाराइतकी आस्था कशी असावी? गाळ साचला, बेशरम नावाचे तण माजले. आज ज्यांस मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात त्यांच्या दुरुस्तीच्या योजना निघतात, पण त्यांचे मोजमाप मुख्यतः उपसलेल्या गाळाचे असते. यंत्राने कडा उभ्या खरवडल्या की उथळ पाणवनस्पती आणि तीवर जगणारे पक्षी दोन्ही नाहीसे होतात. याउलट पूर्वीच्या भंडाऱ्यात मोडणाऱ्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा त्यांचा उद्देश मासळी वाढावी हा होता आणि पक्षी तिच्या मागोमाग आले.

सारसाचे दुःख याहून बिकट आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा क्रौंचकुळातील पक्षी आता महाराष्ट्रात जवळजवळ फक्त गोंदियात व अत्यल्प संख्येने भंडाऱ्यात उरला आहे. पावसाळ्यात, ऐन धानाच्या बांधीत, तणांचा व धानाच्या काडांचा ढीग रचून त्यावर मादी बहुधा दोन अंडी घालते आणि ती महिनाभर उबवावी लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत शेतकऱ्याचे सर्वस्व चिखलात रोवलेले असते, त्याच महिन्यांत त्याने या जोडीस जागा द्यावयाची. गोंदियातील सेवा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरोघर समजूत घालून अनेकांकडून ती जागा मिळविली, ही मोठीच गोष्ट होय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

परंतु समजूत हा काही महसुलाचा आधार नव्हे. वन्यप्राण्यांनी पिकाची नासाडी केली तर पंचनामा होऊन भरपाई मिळते. शेतकऱ्याने पक्षी राखला तर त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात व्हावयाची नाही, हे मला विषम वाटते. इंग्लंडमध्ये १९८७ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेशांतील शेतकऱ्यांस जुन्या पद्धतीने कुरणे व ओलसर जमिनी राखण्याबद्दल करारान्वये पैसे मिळू लागले, आणि १९९२ साली युरोपीय समुदायाने सर्व सदस्यदेशांस अशा योजना चालविणे बंधनकारक केले. भंडाऱ्यास यासाठी परदेशी नमुना आणण्याचे कारण नाही. बांधीतील घरट्याची नोंद ग्रामसभेने करावी, पिल्ले उडेपर्यंत त्या तुकड्याच्या उत्पन्नाइतकी रक्कम हक्काने द्यावी, आणि तलावाची उथळ कड सोडून गाळ काढणाऱ्या गावास दुरुस्तीचा निधी आधी मिळावा. तुकुमाचा करार यापेक्षा फारसा निराळा नव्हता.