आर्वी ते नागसेनवन : विद्येच्या वाटेचा इतिहास

'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि स्थविर नागसेन यांच्या संवादाच्या आरंभी एक साधा प्रश्न येतो. भर दुपार होती, वाळू तापलेली होती आणि राजा सुकुमार होता. तेव्हा तो पायी आला की वाहनाने, असे नागसेनांनी त्याला विचारले. राजा म्हणाला, रथाने. मग नागसेनांनी एकेक अवयव घेऊन विचारले : आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नकार द्यावा लागला. सर्व अवयव एकत्र जुळले म्हणजेच 'रथ' हा शब्दव्यवहार होतो, हे अखेर त्याला मान्य करावे लागले.

हा दृष्टांत अनात्मवादाच्या विवेचनासाठी आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु हीच रीत महाविद्यालयाला लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. इमारत म्हणजे महाविद्यालय काय? ग्रंथालय? अध्यापक? गावापासून वर्गापर्यंतचा रस्ता, शहरात राहावयाची खोली, दोन वेळचे जेवण आणि शिष्यवृत्ती हेही त्याचे अवयव आहेत. ते नसतील तर विद्यार्थ्यापुरते महाविद्यालय अस्तित्वातच नसते. आमच्या समाजाने हे सत्य प्रत्यक्ष चालून जाणले आहे.

वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे उदाहरण घेऊ. वर्धा नदीच्या पूर्वेकडील हे तालुक्याचे गाव कापसाच्या व्यापारामुळे वाढले. मुंबईहून येणारा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि त्यावरील पुलगाव हे आर्वीकरांचे मोठ्या जगाचे दार झाले. पुढे 1917 मध्ये पुलगाव-आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. किलिक-निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखालील या मार्गाचा मुख्य हेतू कापसाच्या गाठी वाहून नेणे हा होता. तिकीट काढणाऱ्याची जात आगगाडी विचारीत नाही, हे खरे. प्रश्न गाडीतून उतरल्यावर सुरू होत असे.

त्याची साक्ष स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. 1901 मध्ये बाल भीमराव भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्थानकापर्यंत आगगाडीने त्यांना बिनतक्रार आणले. परंतु पुढे जात कळताच बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर! 1917 मध्ये, म्हणजे आर्वीला रेल्वे आली त्याच वर्षी, कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. सबंध शहरात त्यांना खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पदवी होती, नोकरी होती. रथाचा एक अवयव नव्हता, आणि रथ मोडला.

4 ऑगस्ट 1923 हा दिवस या दृष्टीने मननीय आहे. याच दिवशी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि आर्वीसारख्या गावांना उच्च शिक्षण काहीसे जवळ आले. याच दिवशी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. आर्वी मध्य प्रांतात असल्याने हा ठराव तेथे लागू नव्हता. आणि मुंबई प्रांतात तो लागू असूनही 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह करावा लागला. विद्यापीठ निघणे आणि विद्यापीठापर्यंत पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच यावरून दिसते.

बाबासाहेबांनी हे ओळखून कार्याचा क्रम ठरविला. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. स्वतःचे महाविद्यालय त्यानंतर दोन दशकांनी आले; आधी निवारा, मग वर्ग. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 मध्ये मुंबईत निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदार तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. वेळ हाही शेवटी वाटेचाच भाग आहे. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव व रस्ते सर्वांना खुले केले. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनांचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही तेथे स्थान आहे.

त्या काळी आर्वीच्या विद्यार्थ्याला नागसेनवनात पोहोचावयाचे तर तीन प्रकारच्या रुळांवरून जावे लागे. पुलगावपर्यंत अरुंद रूळ, तेथून बडनेरा, अकोला, भुसावळमार्गे मनमाडपर्यंत रुंद रूळ, आणि मनमाडहून औरंगाबादपर्यंत मीटर रूळ. परंतु त्या प्रवासाच्या टोकाला मसूरचा गाडीवान नव्हता आणि बडोद्याचा जमावही नव्हता. परिसरातच वसतिगृहे होती. खोलीपासून वर्गापर्यंत, वर्गापासून ग्रंथालयापर्यंत कोणाचीही परवानगी न मागता चालता येत होते. उत्तरेच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी दिसत होती. ज्यांना गावात रस्ता बदलून चालावे लागे, त्यांना येथे सरळ चालण्याची सवय लागली. आमच्या मते नागसेनवनाने दिलेले हे पहिले शिक्षण होय.

परिसराबाहेरचा रस्ता मात्र तितका मोकळा नव्हता. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. 1979 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. विदर्भातील माणसे विद्यापीठाच्या नावासाठी पायी चालली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला.

आज औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे आणि आर्वीची छोटी गाडी धावत नाही. आता विद्यार्थी एसटीच्या सवलतीच्या पासावर प्रवास करतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजनेतून भोजन व निवासासाठी रक्कम दिली जाते. हे सर्व रथाचेच अवयव आहेत. तरीही शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, शेवटची बस चुकली किंवा आडनाव ऐकून घरमालकाने खोली नाही म्हटले, तर रथ आजही थांबतो.

म्हणून आमची सूचना अशी की, आर्वीसारख्या प्रत्येक तालुक्याच्या विहाराने जून उजाडण्यापूर्वी बाहेरगावी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. कोण कोठे राहणार, कसे जाणार, अर्ज भरला की नाही, हे विचारावे. राजाला जो प्रश्न नागसेनांनी विचारला, तो आपण आपल्या विद्यार्थ्याला विचारावयाचा आहे : तू कसा आलास? आणि उत्तर ऐकून, जो अवयव कमी असेल तो पुरवावयाचा आहे.