मुस्तक कुलाच्या वर्गीकरणात फळपृष्ठाचे स्थान

अमळनेरजवळ बोरी नदीच्या ओलसर काठांवर उगवणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पती सामान्यतः गवत समजून दुर्लक्षिल्या जातात. वस्तुतः त्या मुस्तक कुलातील (सायपेरेसी) होत. त्यांचे खोड बहुधा त्रिधारी व भरीव असते. फुले मात्र इतकी लहान व साधी असतात की जाती निश्चित करताना अभ्यासकाला अखेर फळाकडेच वळावे लागते. ज्याला व्यवहारात 'बी' म्हणतात ते खरे तर एकबीजी शुष्क फळ आहे.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील वनस्पतिग्रंथात (१९०१–१९०८) फळपृष्ठाची वर्णने आढळतात. फिंब्रिस्टायलिस डायकोटोमाच्या फळावर उभ्या कंगोऱ्यांमध्ये आडव्या रेषांची जाळी असते, तर फिंब्रिस्टायलिस लिटोरॅलिसच्या फळावर बारीक पुटकुळ्या. एवढा भेद साध्या भिंगालाही कळतो. १९६५ मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि १९७१ मध्ये शायलर यांनी त्याद्वारे स्किर्पस प्रजातीतील फळांची बाह्यत्वचा अभ्यासली. पेशींची बाहेरील भित्ती काढल्यावर आत सिलिकेचे शंकू दिसतात. त्यांचा आकार व मांडणी निकटच्या जाती वेगळ्या करण्यास उपयोगी ठरते.

यंत्राच्या कौतुकात एक अट मात्र विसरली जाते: फळ पक्व हवे. अपक्व फळाचे पृष्ठ पुरते घडलेले नसते, त्यामुळे एकाच जातीच्या दोन अवस्था दोन जाती भासण्याचा धोका राहतो. फुलोरा येताच गोळा केलेला नमुना कितीही नीट दाबून ठेवला तरी या कामी निरुपयोगी होय. त्यातही शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा लव्हाळा, सायपेरस रोटुंडस, पक्व फळे क्वचितच धरतो. तो जमिनीतील गाठींनी पसरतो. त्याच्या ओळखीसाठी गाठी आणि कणिशकेच पाहावी लागतात.