न विचारणाऱ्या वाचकासाठी

शासकीय सेवेच्या आरंभीच्या काळात माझ्या हातून एक परिपत्रक निघाले. कार्यालय मध्यप्रदेशातले, त्यामुळे भाषा हिंदी. अर्ज ‘१५ तारीख तक’ स्वीकारावेत, एवढाच आदेश होता. एका तहसिलीने १५ तारखेला आलेले अर्ज घेतले. शेजारच्या तहसिलीने ते परत केले. ज्या कारकुनाला शंका आली त्याने दूरध्वनी करून खुलासा मागवला. ज्याला शंकाच आली नाही, त्याच्या खिडकीवरून माणसे रिकाम्या हाताने परतली. दोष त्या कारकुनाचा नव्हता, मसुदा करणाऱ्याचा होता. वाचणारा विचारायला येईल असे गृहीत धरून सूचना लिहू नये, हा धडा मी तेव्हा घेतला. संगणकाच्या इतिहासात हाच धडा वारंवार गिरवावा लागला आहे.

१८४३ साली इंग्लंडमध्ये एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित विश्लेषक यंत्रावरील, लुइजी मेनाब्रेआ यांच्या फ्रेंच लेखाचा अनुवाद प्रसिद्ध केला. त्याला जोडलेली त्यांची टिपणे मूळ लेखाहून कितीतरी मोठी होती. शेवटच्या टिपणात बर्नुली संख्या काढण्याची रीत कोष्टकात मांडली आहे : कोणती क्रिया, कोणत्या राशींवर, कोणत्या क्रमाने. यंत्र स्वतः काही उपजवत नाही, आपण सांगू शकतो तेवढेच ते करते, हे बाईंनी नेमके ओळखले होते. बॅबेज यांच्या हयातीत ते यंत्र पुरे झाले नाही. त्याला द्यायच्या सूचनांचा नमुना मात्र आधीच तयार होता.

पुढचा टप्पा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ प्रणालीची पहिली वापरपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी काढली. प्रत्येक आज्ञेला एक ठरावीक साचा होता : नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फाईली आणि ज्ञात दोष. यातला शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या कामातली उणीव आपणच लिहून ठेवायची, ही सवय कोणत्याही कचेरीत विरळा. दोष लिहायला बसले की लाज वाटून तो दुरुस्तच करावासा वाटे, अशा आठवणी त्या मंडळींत पुढे सांगितल्या गेल्या. स्पष्ट लिहिण्याने लिहिणाऱ्याचेही काम सुधारते, ते असे.

या पुस्तिकेचा वाचक माणूस होता. वाचणारे यंत्रच असले तर काय होते, हे २३ सप्टेंबर १९९९ रोजी दिसले. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचले आणि कायमचे हरपले. पृथ्वीवरील एक आज्ञावली यानाला मिळालेला आवेग पौंडाच्या मापात लिहीत होती. दुसरी तो न्यूटनच्या मापात वाचत होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा. मेट्रिक मापे वापरावीत असे तपशीलपत्रात नमूद होते, पण लिहिणाऱ्या आज्ञावलीने ते पाळले नाही. वाचणाऱ्या आज्ञावलीने ‘हे माप कोणते?’ असे विचारले नाही. विचारण्याची तिला सोयच नव्हती.

आज या दोहोंच्या मधला एक वाचक अवतरला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ म्हणजे सोपवलेले काम पुरे करण्यासाठी स्वतःच इतर सॉफ्टवेअर चालवणारी प्रणाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अशा जोडणीसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवायच्या माहितीची यादी दिली जाते. एजंट ते वाचतो आणि कोणते साधन कसे वापरायचे ते ठरवतो. वर्णन चुकले की कामही चुकते.

त्याच कंपनीने पुढच्या महिन्यात सांगितलेला एक अनुभव बोधक आहे. आज्ञावली दुरुस्त करणारा त्यांचा एजंट फाईलीचा पत्ता ‘आहोत तेथून’ देत असे. मूळ फोल्डर सोडून तो दुसरीकडे गेला की पत्ता चुके. पत्ता नेहमी मुळापासून पूर्ण द्यावा, असा नियम साधनातच घातला आणि ती चूक थांबली. ‘समोरच्या बोळातले तिसरे घर’ एवढे गल्लीतल्या माणसाला पुरते. परगावच्या टपालाला पूर्ण पत्ता लागतो.

हा नवा वाचक विचारू शकतो, पण पुष्कळदा विचारत नाही. गाळलेली जागा अंदाजाने भरून पुढे जातो. म्हणून ‘०५/०६’ म्हणजे ५ जून की ६ मे, रक्कम रुपयांत की पैशांत, पुसलेली नोंद परत आणता येते की नाही, साधन कोणत्या कामासाठी वापरू नये, हे सारे लिहावेच लागते. असे लिहिलेले माणसालाही उपयोगी पडते, हा वरचा लाभ.

माझ्या परिपत्रकात ‘सहित’ हा एक शब्द अधिक असता, तर ती माणसे परत गेली नसती. त्याला शाई फारशी लागली नसती. वाचणाऱ्याच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहावे मात्र लागले असते.